हेमाडपंती म्हणण्याआधी दगड वाचा

(१)
‘हेमाडपंती’ या एका शब्दाने विदर्भातील मध्ययुगीन देवळांचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे आठशे पावसाळ्यांनी आणि पिंपळाच्या मुळांनी मिळूनही केले नसेल. विधान कठोर आहे, याची जाणीव आहे. म्हणून हा धागा लांब आहे, आणि यातील पुरावा बव्हंशी यवतमाळ जिल्ह्यातील व त्याच्या शेजारचा आहे.

(२)
यवतमाळहून नागपूरच्या वाटेवर कळंब लागते. आज ते तालुक्याचे गाव आहे. पण ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची जी यादी आहे, तीत कळंबचे नाव स्वतंत्र सरकार म्हणून येते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस या गावाच्या नावाने एक मोठा मुलूख ओळखला जात होता, एवढे त्यावरून निश्चित होते. येथील चिंतामणीचे देऊळ भोवतालच्या जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरत जावे तसा बाजाराचा गलका मागे पडतो, समोर कुंड दिसते आणि अंगाला दगडाचा गारवा लागतो. थक्क व्हावे अशीच जागा आहे.

(३)
मागच्या हिवाळ्यात काही महाविद्यालयीन मुलांसोबत तेथे गेलो होतो. एका मुलीने पायरीवर थांबून विचारले, “हे जमिनीखाली का बांधलं असेल?” फार चांगला प्रश्न होता. मूळ बांधणीच खाली होती, की गाव शतकानुशतके साचत वर चढत गेले? आधी कुंड, की आधी देऊळ? यावर अर्धा तास बोलता आले असते. पण शेजारच्या मुलाने फोन खिशात टाकत सांगितले, “हेमाडपंती आहे ना!” आणि सगळ्यांनी समजल्यासारखी मान डोलावली. प्रश्न होता ‘का’. उत्तर आले ‘कुणाचे’. त्या उत्तराने प्रश्न मात्र कायमचा मिटला. माझे भांडण त्या मुलाशी नाही. त्याला हा शब्द पुरवणाऱ्या आपल्या सगळ्यांशी आहे.

(४)
प्रथम ज्याच्या नावाने हे सारे चालते, तो हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत कोण, हे पाहू. देवगिरीच्या यादव घराण्यातील महादेव (१२६१ ते १२७१) आणि रामचंद्र (१२७१ ते १३११) या राजांच्या दरबारातील हा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा व्रते, दाने, तीर्थे, श्राद्ध यांवरचा अवाढव्य धर्मनिबंध त्याच्या नावावर आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वरील ‘आयुर्वेदरसायन’ ही टीकाही त्याचीच. थोडक्यात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक प्रचंड व्यासंगी पंडित आणि प्रशासक.

(५)
लोकस्मृतीने मात्र त्याच्या खात्यावर वाटेल ते जमा केले. मोडी लिपी त्याची, बाजरी त्याने आणली, देवळे त्याने बांधली. (यादवांच्या दरबारात दुसरे कोणी काही काम करत होते की नाही, अशी शंका यावी!) सर्वांत रम्य कथा अशी: हेमाडपंत मोठा वैद्य, तो लंकेला गेला, त्याने बिभीषणाला बरे केले आणि बक्षीस म्हणून राक्षसांचे श्रम मागून घेतले. त्या राक्षसांनी एकेका रात्रीत एकेक देऊळ उभे केले. या कथेला मी हसत नाही. त्याच्या वैद्यकाची आठवण तिने सातशे वर्षे जपली, हे थोडे नव्हे. पण कथेतून इतिहासाचा सन काढणे हा आपला उद्योग आहे, कथेचा नव्हे.

(६)
एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी वऱ्हाडातील गावोगाव फिरले, तेव्हा ‘हे कोणी बांधले?’ या प्रश्नाला त्यांना हेच उत्तर मिळाले, आणि त्यांच्या नोंदवह्यांत, गॅझेटियरांत ते शैलीचे नाव होऊन बसले. चुन्याशिवाय रचलेली कोणतीही जुनी दगडी वास्तू त्या रकान्यात जाऊ लागली: देऊळ, बारव, धर्मशाळा, काहीही. पुढे हेन्री कझन्स यांनी दख्खनच्या देवळांवर आपला मोठा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या नावात ‘मध्ययुगीन’ हे विशेषण घातले, ‘हेमाडपंती’ नव्हे. त्याला आता नव्वदांहून अधिक वर्षे झाली. आपण मात्र अजून जुन्या रकान्यातच आहोत.

(७)
आता कालगणना. अंबरनाथच्या शिवमंदिरात शिलालेख आहे, शके ९८२. त्यात ७८ मिळवा: इ. स. १०६०. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील हे देऊळ आणि महादेव यादवाचे राज्यारोहण यांत दोनशे वर्षांचे अंतर आहे. हेमाद्रीचा खापरपणजोबाही तेव्हा जन्मला नसावा. तरीही ‘अंबरनाथचे सुप्रसिद्ध हेमाडपंती मंदिर’ हे वाक्य तुम्ही किती वेळा वाचले आहे, ते आठवून पाहा.

(८)
अंबरनाथ दूर आहे म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यात येऊ. पुसदच्या परिसरात डोंगरगाव नावाचे गाव आहे. तेथील संस्कृत शिलालेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केला. लेखाचा काळ शके १०३४, म्हणजे इ. स. १११२. हेमाद्री अधिकारपदावर येण्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी यवतमाळच्या मातीत राजाश्रय होता, दान देणारा होता, दान घेणारा होता, उत्तम संस्कृत रचणारा कवी होता आणि ते दगडात कोरणारा हातही होता. हे सगळे एका दगडावर लिहिलेले आहे. पण आपल्याला वाचायला एक शब्द पुरतो.

(९)
तो लेख काय सांगतो? माळव्याचा राजा भोज गेला, तीन शत्रूंच्या लोंढ्यात राज्य बुडाले आणि उदयादित्याने ते पुन्हा वर काढले. या उदयादित्याला पुत्र होते, तरी आणखी एका गुणी पुत्रासाठी त्याने शिवाची आराधना केली. तो पुत्र जगद्देव. पित्यानंतर राजलक्ष्मी जगद्देवाकडे चालून आली, पण थोरला भाऊ असताना धाकट्याने ती वरणे म्हणजे दोष, म्हणून त्याने ती सोडली. मग तो दक्षिणेत कुंतलाधिपतीकडे, म्हणजे कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) याच्याकडे गेला. सम्राटाने त्याला आपल्या मुलांतला पहिला मानले. याच जगद्देवाने डोंगरग्राम एका ब्राह्मणाला दान दिले. ‘डोंगरग्राम’ हे नाव पुन्हा एकदा वाचा. गावाने नऊशे वर्षांत आपले नावसुद्धा फारसे बदललेले नाही.

(१०)
प्रशस्ती ही प्रशस्ती असते. राज्य ‘सोडले’ की सोडावे लागले, हा प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे. धाराचा राजपुत्र चालुक्यांच्या पदरी का आला, यामागे भाऊबंदकीचा वास येतोच. पण पाहा, आपण आता कुठे पोचलो: धार, कल्याणी, पुसद. एका लेखाने यवतमाळ जिल्ह्याला माळवा आणि कर्नाटक यांच्या मधोमध नेऊन ठेवले. ‘मागास भागातले कुठलेसे हेमाडपंती’ या शब्दांनी ते कधी जमले असते काय?

(११)
आणखी एक दुःखाची गोष्ट. गुजरात-राजस्थानच्या लोककथांत ‘जगदेव परमार’ हा दानशूरपणाचा मेरुमणी आहे. देवीला स्वतःचे शिर अर्पण करणारा वीर म्हणून भाट-चारणांनी त्याला गायिले. मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’त तो आहे, फोर्ब्स यांच्या ‘रासमाला’त त्याची लांबलचक कथा आहे. ज्या प्रदेशावर त्याने प्रत्यक्ष अधिकार चालवला, तेथे मात्र त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. पुसदला कधी कोणाला विचारून पाहा.

(१२)
आता वास्तुकलेकडे. जगद्देवाचा पिता उदयादित्य याचे नाव ज्या वास्तूने अजरामर केले, ती मध्य प्रदेशात विदिशा जिल्ह्यातील उदयपूर येथे आहे: उदयेश्वर, १०८० च्या सुमारास पूर्ण झालेले. भूमिज शैलीच्या शिखराचा याहून देखणा नमुना क्वचितच सापडेल. भूमिज ओळखायला सोपे असते. शिखराच्या चार बाजूंना मधोमध एकेक उभा नक्षीदार पट्टा पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढत जातो. त्या पट्ट्यांच्या मधल्या भागांत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी रचलेल्या असतात, वर जाताना आकाराने लहान होत जाणाऱ्या. जणू मोठ्या शिखराने आपलीच पिल्ले अंगावर घेतली आहेत.

(१३)
भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथात भूमिज प्रासादांचे वेगळे विवेचन आहे. म्हणजे ज्यांनी देवळे बांधली, त्यांच्याकडे आपल्या शैलीचे नाव होते, तिचे पोटप्रकार होते, मोजमापांचे शास्त्र होते. अंबरनाथ भूमिज, सिन्नरचे गोंदेश्वर भूमिज. स्थपतींचा स्वतःचा शब्द उपलब्ध असताना, दोनशे वर्षांनंतरच्या एका दप्तरदाराचे नाव त्यांच्या कामाला चिकटवणे याला काय म्हणावे? जगद्देवाने ही शैली वऱ्हाडात आणली, असे मी म्हणत नाही; अंबरनाथ त्याच्या आधीचे आहे, तेव्हा तसे म्हणताच येणार नाही. म्हणणे एवढेच, की माळवा आणि दख्खन यांच्यातल्या ज्या रस्त्यावर माणसे, कवी आणि कारागीर ये-जा करत होते, तो रस्ता या जिल्ह्याजवळून जात होता. प्रत्येक देवळावर ‘हेमाडपंती’ची पाटी लावली, की हा रस्ताच नकाशावरून पुसला जातो.

(१४)
पैनगंगा ओलांडली की आज तेलंगण लागते. आदिलाबादजवळ जैनद येथे याच जगद्देवाच्या काळातला दुसरा लेख आहे. त्याचा अधिकारी लोलार्क, कुळ दाहिमा. लोलार्काची पत्नी पद्मावती हिने तेथे निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे, देऊळ बांधवले. देवळाची बांधवती एक स्त्री आहे, तिचे नाव दगडावर आहे, आणि आपण मात्र राक्षसांना श्रेय देऊन मोकळे होतो! बाराव्या शतकातील पद्मावती विरुद्ध लंकेतील राक्षस, अशी निवड करायची असेल, तर निदान लाज वाटून तरी पहिली निवडावी.

(१५)
आक्षेप येणार, तो मीच मांडतो. “शैलीचे नाव सोयीसाठी असते. हेमाडपंती म्हणजे चुन्याशिवायचे बांधकाम, एवढाच अर्थ. त्यात एवढे काय?” ठीक. मग या सोयीने काय कळते? काळ? अकरावे शतक की चौदावे, कळत नाही. राजवंश? शिलाहार, चालुक्य, परमार, यादव सगळे एका पोत्यात. आराखडा चौरस की तारकाकृती? शिखर भूमिज की पायऱ्यापायऱ्यांचे? देव कोणता? काहीच नाही. राहिले चुन्याशिवायचे बांधकाम. ते तर अर्ध्या भारतभर आहे, खजुराहोलाही आहे. ज्या नावाने काहीच वेगळे ओळखू येत नाही, ते नाव सोयीचे कोणाला? पाहण्याचे कष्ट टाळणाऱ्याला.

(१६)
दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: “आजीपासून हाच शब्द ऐकत आलो, तो आपला शब्द आहे.” आजीने जरूर म्हणावा. मीही गावात बोलताना म्हणतो. पण इतिहास सांगण्याचा दावा करणाऱ्या पानांनी, चित्रफितींनी, सहलीच्या माहितीपत्रकांनी तो निर्णय म्हणून वापरू नये.

(१७)
एकदा हा शब्द बाजूला ठेवला की काय काय दिसू लागते, ते सांगतो. मंडपात उभे राहा. खांब इतके जवळजवळ का? कारण वरची तुळई दगडाची आहे. दगड दाब अमाप सोसतो, पण ताण सोसत नाही. दोन खांबांत अंतर वाढले की काळ्या पाषाणाची तुळई मधोमध तडकते. म्हणून अंतर मर्यादित, म्हणून खांबांची गर्दी, आणि त्या गर्दीतून निर्माण होणारा तो काळोखाचा-उजेडाचा खेळ. ज्याला आपण ‘वातावरण’ म्हणतो, ते बरेचसे दगडाच्या या एका दुबळेपणातून आले आहे.

(१८)
आता वर पाहा. छत चौरस आहे. चार कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकून चौरस लहान केला आहे. त्यावर पुन्हा तिरप्या शिळा, आणखी लहान. असे करत शेवटची जागा एका कमळाच्या शिळेने झाकली आहे. कमान नाही, लाकडाचा आधार नाही, चुना नाही. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे येतो आणि मागच्या वजनाने जागेवर दाबून धरला जातो. आणि बाहेर शिखर का एवढे जड? शोभेसाठी तर आहेच. पण ते वजनच भिंतीचे सांधे घट्ट धरून ठेवते. सांध्यात पिंपळ रुजला, की तो हे गणितच उसवतो. ‘एका रात्रीत’ म्हणणाऱ्याने एकदा लोखंडी छिन्नी घेऊन वितभर काळा पाषाण सपाट करून पाहावा. रात्र पुरते का, ते कळेल.

(१९)
हे सारे केवळ शब्दाचे भांडण असते, तर मी गप्प बसलो असतो. पण शब्दामागून रंगाचा डबा येतो. ‘असली हेमाडपंती देवळे गावोगाव आहेत’ असे एकदा ठरले, की प्रत्येक देऊळ बदलीयोग्य होते. मग भक्तिभावानेच द्वारशाखेवर ऑइलपेंटचे थर चढतात, ओट्याला चकचकीत फरशी लागते, सांध्यांत सिमेंट भरले जाते. सिमेंटमुळे पूर्वी सांध्यांतून वाट काढणारे पाणी आतच अडकते. आणि गर्भगृहाच्या दाराच्या माथ्यावर मधोमध जी छोटी मूर्ती असते, ललाटबिंब, ती रंगाखाली ओळखू येईनाशी होते. देऊळ मुळात कोणाचे, हे ठरवायचा तो एक मोठा पुरावा असतो. आत आज शिवलिंग आहे म्हणून देऊळ मूळचे शिवाचेच, असे नसते. जैनदच्या सूर्यमंदिरात आज लक्ष्मीनारायणाची पूजा होते.

(२०)
यात भाविकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी देऊळ जिवंत ठेवले; आपण अभ्यासक म्हणवणाऱ्यांनी त्यांना सांगितलेच नाही, की त्या काळवंडलेल्या पट्टीवर अक्षरे असू शकतात. शिलालेखावर चुना फासणारा माणूस अक्षरांचा द्वेष करत नसतो. त्याला तेथे अक्षरे आहेत, हेच माहीत नसते.

(२१)
हंपीच्या दगडी रथासमोर तासभर रेंगाळणारा यवतमाळचा तरुण लोहाऱ्याच्या कमळेश्वरासमोरून रोज मोटारसायकलने जातो. दोष त्याच्या डोळ्यांचा नाही. हंपीला त्याला राजाचे नाव सांगितले गेले, साल सांगितले गेले, पाडाव कधी झाला ते सांगितले गेले. नावांमुळे दगड बोलू लागला. लोहाऱ्याला त्याला काय सांगितले? एक शब्द. खरे तर लोहारा हे नाव ‘आईन’मध्ये यवतमाळच्या जोडीनेच येते, ‘योत-लोहारा’ असे. आज ज्याला आपण शहराची कड समजतो, ते तेव्हा परगण्याच्या नावातला अर्धा वाटा होते. ही एक ओळ माहीत असती, तरी त्याने कदाचित ब्रेक दाबला असता.

(२२)
हेमाद्रीवरही हा अन्यायच आहे, हे लक्षात घ्या. जे त्याने निश्चित केले, ते ग्रंथ, आज कोण उघडतो? आणि जे त्याने केल्याचा पुरावा नाही, त्याने त्याचे नाव गाजते. तेराव्या शतकातल्या व्रतांचा, दानांचा, वैद्यकाचा एवढा मोठा संग्राहक आपल्यासाठी केवळ एक गवंडी होऊन बसला आहे. त्याच्या काळात, यादवांच्या अमलात, देवळे बांधली गेली. त्यांतील काहींशी त्याचा संबंध असूही शकेल. ज्या देवळाबाबत लेख तसे म्हणेल, त्याला खुशाल ‘हेमाद्रीकालीन’ म्हणू. मीच पहिला म्हणेन.

(२३)
तोपर्यंत काय म्हणावे? माहीत असेल ते. ‘बाराव्या शतकातील, चालुक्यकालीन, भूमिज शिखराचे’ असे कळले असेल, तर तसे. तेवढे कळले नसेल, तर ‘मध्ययुगीन, काळ्या पाषाणाचे, शिखर पडलेले’. हे वर्णन दिसायला दरिद्री आहे, पण खरे आहे, आणि त्यात पुढच्या माणसाला भर घालायला जागा आहे.

(२४)
आणि पाहायला जाल तेव्हा क्रम उलटा करा. आपण आधी मूर्ती पाहतो, मग शिखर, मग स्वतःचे छायाचित्र. आधी जोते पाहा. त्याच्या थरांची संख्या आणि कोन मोजा. मग दाराची चौकट: शाखा किती, ललाटबिंबावर कोण. मग छत. शिखर शेवटी, कारण ते बहुधा पडलेले किंवा नंतर बांधलेले असते आणि तेच सर्वांत जास्त फसवते. अक्षरे दिसली, तर त्यांवर खडू, तेल, पाणी, काही घासू नका. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर तिरप्या उजेडात छायाचित्र घ्या. कोरलेले अक्षर सावलीतच नीट उमटते.

(२५)
दारव्हा, वणी, केळापूर, पुसद, उमरखेड, घाटंजी: या बाजूचे जे कोणी वाचत असतील, त्यांनी आपल्या गावच्या जुन्या देवळाच्या दाराच्या माथ्याचे एक छायाचित्र खाली टाकावे. गावाचे नाव लिहा, दार कोणत्या दिशेला आहे ते लिहा, रंग दिला असेल तर कधी दिला ते पुजाऱ्यांना विचारून लिहा. शैलीचा रकाना तेवढा सध्या मोकळा ठेवा.